पंपाजवळचा दगड

घरामागे स्विमिंग पूल बांधायचं खूळ माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा मी सरळ सांगितलं होतं, की आई या घरात आहेत तोवर मागच्या अंगणात पाणी नको. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं आधी गेलं, मग समोरचंही धूसर झालं. आता उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच त्यांना कळतं, बाकी सगळं त्या पायांनी आणि कानांनी ओळखतात. अशी बाई घरात आणि मागच्या दारी पुरुषभर पाणी, हे कुठल्या शहाणपणात बसतं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

नवरा माझा इंजिनिअर. सगळी नोकरी तेलाच्या धंद्यात काढली आणि साठीच्या आतच तिथून मोकळा झाला. मोकळा झाला म्हणजे कंपनीने मोकळा केला, पण घरात आम्ही तसं म्हणत नाही. आधी त्याने गराज आवरलं. मग माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, त्यामुळे मला आठवडाभर हिंग सापडला नाही. शेवटी मीच वैतागून म्हटलं, बाबा रे, काहीतरी मोठं काम शोध. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये उन्हाळा असा असतो, की सकाळी पेपर उचलायला बाहेर गेलं तरी चष्म्यावर वाफ धरते. आजूबाजूला सगळ्यांकडे पूल आहेत. पूल बांधून देणारा म्हणाला, तुमचा नंबर पुढच्या वर्षी लागेल. नवऱ्याला तो अपमान वाटला. ‘मी रिफायनरीत पाइपलाइनी टाकल्यात, मला एक हौद बांधता येणार नाही?’ खोदाई, भिंती आणि विजेचं काम त्याने माणसं लावून करून घेतलं, कारण ते बघायला सिटीचा इन्स्पेक्टर येणार होता. काठावरचे दगड आणि भोवतीचं काँक्रीटचं डेक मात्र स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं.

खोदाईच्या दिवशी यंत्राने पहिली माती वर काढली आणि सासूबाईंनी मला त्यांचा हात धरून तिकडे न्यायला लावलं. ओंजळभर माती घेऊन त्यांनी ती बोटांत मळली, नाकाशी नेली.

‘ही तर आपल्याकडचीच काळी माती आहे न,’ त्या म्हणाल्या. यवतमाळकडचं त्यांचं माहेर, घरची कापसाची शेती. ‘पाणी प्याली की फुगते, तापली की फाटते. हिच्यावर बांधलेलं उभं नाही राहत बाप्पा, चालते.’

नवरा हसला. ही माती इकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. उन्हाळ्यात लोक घराच्या पायाला झाडांसारखं पाणी घालतात, भेगा पडू नयेत म्हणून. डेकखाली खडीचा जाड थर द्यायचं त्याने ठरवलंच होतं. ‘डोन्ट वरी आई, तुझी काळी माती मी खडीखाली दाबून टाकतो,’ तो म्हणाला. मी पुण्याची. आमच्याकडे दोन हात खणलं की मुरूम लागतो, जमीन चालते हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला ते ऐकून कसंसंच झालं आणि मी त्यांना घरात घेऊन आले.

माझा विरोध कशामुळे मावळला ते सांगायला हवं. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे कायमच्या आल्या. जेवण झालं की शतपावली, हा त्यांचा जन्माचा नेम. इथे पहिल्याच आठवड्यात झाडाच्या मुळाने उचललेल्या फुटपाथवर ठेच लागून त्या पडल्या. गवतात चालावं तर लाल मुंग्यांची वारुळं, चावल्या की पाय फोडाफोडांनी भरतो. मग त्या घरातच जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या घालायला लागल्या. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, रोज कुठेतरी गुडघा आपटत. एक दिवस नवरा तो प्रकार बघत उभा राहिला आणि म्हणाला, पूलभोवती मी आईला रस्ता करून देतो. काठाचा दगड डेकपेक्षा वेगळा घेऊ. पायाला दगड लागला की तिला कळेल, काठ आला. तिथे माझा विरोध संपला. हक्काचं चार पावलं चालणं हीच काय ती त्या बाईची उरलेली मोकळीक होती.

काठाच्या या दगडांना कोपिंग म्हणतात. हौदाच्या भिंतीच्या डोक्यावर ते ओळीने बसवायचे, पाण्याकडची कड गोलाई दिलेली आणि दोन बोटं पाण्यावर पुढे आलेली. नवऱ्याने तीन प्रकारचे नमुने आणून गराजमध्ये मांडले आणि आईला त्यांच्यावर अनवाणी उभं केलं. ‘हा गुळगुळीत. हा टोचते. हा बरा, आपल्या मागच्या ओट्याच्या फरशीवानी आहे,’ असा निकाल लागला. मग त्याने सगळे दगड आधी कोरडेच काठावर मांडून पाहिले, कोपऱ्यांतले वळणाचे आधी, सरळ बाजूंचे नंतर. दोरी ताणली, लेव्हल लावली. कापायचे ते पाण्याच्या करवतीवर कापले. मग एकेक दगड सिमेंट-वाळूच्या मॉर्टरवर ठेवून रबरी हातोड्याने ठोकत बसवायला घेतला.

नीट बसलेला दगड टण्ण वाजतो. खाली पोकळी राहिली तर बद्द आवाज येतो. सासूबाई सावलीत खुर्ची टाकून बसायच्या आणि ठोकण्याकडे कान लावायच्या. ‘मागचा बद्द वाजला,’ असं त्या म्हणाल्या की मुलगा मुकाट्याने तो दगड उचलायचा, पुन्हा मॉर्टर पसरायचा, पुन्हा बसवायचा. इतक्या वर्षांत मायलेकांना इतकं एकत्र बसलेलं मी बघितलं नव्हतं. मी खिडकीतून बघत असे आणि मला बरं वाटत असे. तरीही शेवटचा, हौदाचं पाणी फिरवणाऱ्या पंपाजवळचा दगड बसला त्या संध्याकाळी मी देवापुढे जरा जास्त वेळ बसले, हेही खरं.

डेक ओतायला इथल्या मराठी मंडळातले चार मित्र शनिवारी हाफ पँट घालून हजर झाले. काँक्रीटचा ट्रक आला. ढाळ गवताकडे दिला, म्हणजे पाऊस हौदात न जाता बाहेर जाईल. ओल्या काँक्रीटवरून रुंद झाडू ओढून बारीक रेघा उठवल्या, म्हणजे पाय घसरणार नाही. आणि दगड नि डेक यांच्यामध्ये सगळीकडे बोटभर फट ठेवली. दगड बसलेला भिंतीवर, डेक बसलेलं मातीवर. दोघांना आपापलं हलायला जागा हवी, म्हणून ही फट. तिच्यात फोमची पट्टी घालायची आणि काँक्रीट सुकल्यावर वरून रबरासारखं मऊ राहणारं सीलंट भरायचं. नवऱ्याला हे नीट माहीत होतं. व्हिडिओ बघून बघून मलाही पाठ झालं होतं.

त्या दिवशी मंडळातले एक काकाही आले होते. सरकारी बांधकामावर आयुष्य गेलेलं, आता मुलाकडे राहतात. दिवसभर खुर्चीत बसून चहा पीत त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. निघताना म्हणाले, ‘पाणी कधीपासून मारणार?’

नवरा म्हणाला, ‘काका, इथे ओल धरून ठेवणारा एक स्प्रे मारतात, झालं काम.’

‘स्प्रे मारून काँक्रीट पिकतं होय रे? वाफे कर, पाणी भर. आम्ही काय वेडे होतो?’

आता यात काकांना तरी काय बोल लावायचा? आम्ही सगळेच नव्या घरांच्या स्लॅबवर पाण्याचे वाफे बघत लहानाचे मोठे झालो. कुठलंही बांधकाम म्हटलं की पाइप धरून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पाणी मारलं नाही तर काम अर्धंच झालं असं आम्हाला हाडातून वाटतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डेकवर मॉर्टरचे छोटे बांध घातले आणि पाणी भरलं. तीन आठवडे आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी भरत होतो. शेजारचा अमेरिकन म्हातारा कुंपणावरून बघायचा आणि मान हलवून जायचा.

वाफे संध्याकाळपर्यंत रिकामे व्हायचे. पंपाकडचे तर दुपारीच. सासूबाई हात घालून बघायच्या आणि विचारायच्या, ‘पाणी जाते कुठं?’

‘ऊन बघ ना आई किती आहे,’ नवरा म्हणायचा.

ते पाणी उन्हाने जात नव्हतं. ती बोटभर फट होती ना, तिच्यातून ते फोमच्या कडेने खाली झिरपत होतं, खडीतून थेट काळ्या मातीत. आज हे कुणालाही कळेल. तेव्हा तीन पदव्या असलेल्या घरात एकालाही सुचलं नाही, आणि आम्ही जास्तच जोमाने पाणी भरत राहिलो.

पुढचा घोळ मायेपोटी झाला. सीलंट भरायच्या आधीच सासूबाईंनी चालायला सुरुवात केली. डावा पाय दगडावर, उजवा डेकवर, अशी त्यांची चाल. एक दिवस त्यांची करंगळी त्या फटीत अडकली आणि नख उलटलं. रक्त बघून नवरा कासावीस झाला. ‘ती फट तेवढी बुजव रे,’ सासूबाई म्हणाल्या. सीलंटला काँक्रीट पुरतं सुकायला हवं, आणि ते तर नुकतंच पाण्यातून निघालेलं. मग त्याने सिमेंटचं मॉर्टर कालवलं आणि फट सगळीकडे काठोकाठ भरून टाकली, वर बोट फिरवून गुळगुळीत केली. तात्पुरतं, म्हणाला. तात्पुरतं म्हणून केलेलं काम आमच्या घरात जन्मभर टिकतं.

ते पहिले महिने छान गेले हे कबूल करायला हवं. सासूबाई जेवून उठल्या की मागचं दार सरकवून बाहेर पडायच्या. पायाखाली दगड, मग सिमेंटची गुळगुळीत पट्टी, मग डेकच्या रेघा. त्यांना सगळा नकाशा पाठ झाला. पंपाची घरघर जवळ आली की पहिलं वळण, पाण्यात उतरायच्या पायऱ्यांपाशी पाण्याचा डुबुक आवाज, तिथे दुसरं. नियमाप्रमाणे पूलकडच्या दाराला अलार्म बसवलेला होता. तो रोज केकाटायचा म्हणून नवऱ्याने त्याची बॅटरी काढून ठेवली. मी जाळीचं कुंपण घालायचा विषय काढला तर सासूबाई उसळल्या. ‘मले काय कोंबडीसारखं जाळीत ठेवता का?’ त्या चालत असेपर्यंत मी खिडकीपाशी उभी राहून भांडी घासायची. आमच्याकडे डिशवॉशर आहे. तरी घासायची.

मग पावसाची रड सुरू झाली. आठवडेच्या आठवडे आभाळ गळत होतं, गवतात पाय ठेवला की पाणी वर यायचं. ऊन पडल्यावर मी डेकवर लोणच्यासाठी लिंबं धुऊन वाळवत बसले होते. एक लिंबू हातातून निसटलं आणि घरंगळत गेलं. गवताकडे नाही, हौदाकडे. पंपाजवळच्या दगडावरून टुणकन पाण्यात पडलं आणि तरंगत राहिलं. मी दुसरं लिंबू मुद्दाम सोडलं. तेही तिकडेच गेलं.

‘ढाळ गवताकडे दिला होतास ना?’ मी नवऱ्याला विचारलं.

‘लिंबू काय लेव्हल असते का? लिंबाला देठ असतो, ते कुठेही जातं.’

मी मग बोटं लावून पाहिलं. पायऱ्यांकडे दगडाच्या खाली दोन बोटांवर पाणी होतं. पंपाकडे चार बोटांवर. पाणी तर सगळीकडे एकाच पातळीत असणार, म्हणजे काठ वर उचलला गेला होता. सिमेंटच्या पट्टीतून केसासारखी रेघ गेली होती, पंपापासून निघून दोन-तीन दगडांपर्यंत. मी दाखवली. नवरा म्हणाला, ‘हेअरलाइन क्रॅक आहे यार, सगळ्यांच्या डेकला असतात.’ मी आवाज चढवला, त्यानेही चढवला, आणि शेवटी तो म्हणाला, ‘तुला पहिल्यापासून हा पूल नकोच होता.’ हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त लागलं. मी विषय सोडून दिला. पण झोपताना मला त्या अंधारात जमिनीखाली काहीतरी फुगत असल्याचं वाटायचं आणि मी नवऱ्याला कोपराने ढोसून जागं करायची. तो वैतागायचा.

दिवाळीच्या सुमाराला मी आणखी एक गोष्ट पाहिली. चालता चालता पंपाजवळ आल्या की सासूबाई डावा पाय उंच उचलून पुढे टाकायच्या, उंबरठा ओलांडावा तशा. दर फेरीला, नेमक्या त्याच जागी. मी मुलीला फोनवर सांगितलं की आजी आता परेड करायला लागलीय. ‘सो क्यूट, मॉम,’ ती म्हणाली. म्हातारपणी माणसाला काय काय सवयी लागतात असं म्हणून मीही हसले. त्यांना विचारायचं काही माझ्या मनात आलं नाही.

फेब्रुवारीत नवरा काठ धूत होता. पंपाजवळच्या दगडावर त्याचा पाय पडला आणि दगड कुरकुरला. त्याने आतून हातोडा आणला. बद्द. शेजारचा, बद्द. त्याच्या पुढचा, बद्द. त्याने पहारीचं टोक घातलं आणि दगड एवढासाही जोर न लावता हातात आला. तिन्ही दगड तसेच निघाले. फुगलेल्या मातीने डेक उचललं होतं, बुजवलेल्या फटीतून डेकने दगडाला रेटलं होतं, आणि दगड भिंतीवरून कधीच सुटून नुसते ठेवल्यासारखे बसून होते. नवरा तो दगड मांडीवर घेऊन काठावर बसला. त्याचा चेहरा बघून मला त्याची दया आली.

‘आईला रात्री जेवताना सांगू,’ तो म्हणाला. ‘मी सामान घेऊन येतो.’ तो दुकानात गेला. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसले. शतपावली रात्रीच्या जेवणानंतर, तोवर तो परत येईल, असा सरळ हिशेब.

त्या दिवशी एकादशी होती. सकाळी मीच साबुदाणा खिचडी करून ठेवली होती. एकादशीला सासूबाई रात्री जेवत नाहीत. दुपारी उशिरा खिचडी खातात, तेच त्यांचं जेवण, आणि शतपावली त्याच्यानंतर लगेच. सून होऊन तीस वर्षं झाली तरी मला ते त्या क्षणी आठवलं नाही.

मी चहा टाकायला खाली आले आणि खिडकीतून त्या दिसल्या. हौदाच्या लांब बाजूने चालल्या होत्या, पदर खोचलेला, डावा पाय दगडावर. पुढे पंप. पुढे दगडच नव्हते. हाक मारावी तर दचकतील. दचकल्या तर पडतील. मी दाराकडे धावले, दार सरकवलं, आणि तेवढ्यात त्या जागी पोचल्या. नेहमीसारखा त्यांनी डावा पाय उंच उचलला, हलणाऱ्या दगडाची जागा ओलांडली आणि तो पलीकडच्या दगडावर टेकवायला गेल्या. पलीकडे काही नव्हतं.

पाय खाली गेला, अंग पाण्याकडे झुकलं. त्यांनी कसं कोण जाणे, उजव्या बाजूला अंग टाकलं आणि त्या डेकवर दाणकन बसल्या. एक पाय पाण्यात गुडघ्यापर्यंत. मी जाऊन त्यांना मागून घट्ट धरलं.

‘आई, लागलं का?’

हाताने त्यांनी भिंतीचा उघडा माथा चाचपला, मॉर्टरचे खवले चाचपले. मग म्हणाल्या, ‘तिन्ही काढले का? मले वाटलं एकच हलते.’

मला आधी कळेना. मग त्यांचा तो उंच उचललेला पाय डोळ्यांपुढे आला.

‘तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?’

‘पाऊस सुरू झाला तवापासून.’

मी संतापले. ‘मग सांगितलं का नाही? पडला असता पाण्यात! आम्ही काय करायचं होतं?’

‘काहून सांगू?’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘फट माह्या सांगण्यावरून बुजवली त्यानं. सांगितलं असतं तर सगळं उखडून टाकलं असतं. मग मी चालली कुठं असती? टेबलाभोवती?’

मी त्यांचा ओला पाय पुसत बसले.

नवरा आला, त्याने ऐकलं आणि दाराला कुलूप घातलं. महिनाभर त्याने एकट्याने काम केलं. बुजवलेली फट करवतीने कापून मोकळी केली, पाणी बाहेर काढायला डेकच्या कडेने पाइप टाकला, दगड पुन्हा बसवले, फटीत मऊ सीलंट भरलं. या वेळी ठोकताना खुर्चीत कुणी नव्हतं. सासूबाई त्यांच्या खोलीत होत्या. जेवून उठायच्या आणि पलंगावर बसायच्या. मग जेवणही कमी झालं. मग बोलणं. पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, चालायला हवं. मी म्हटलं, चला आई, मी हात धरून नेते. ‘हात धरून तर देवाघरी नेतात,’ त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. ती बाई आमच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती, आणि आम्ही तिला सुरक्षित ठेवत होतो.

शेवटी नवऱ्यानेच कुलूप काढलं. आईपाशी बसून एकच अट घातली. ‘एक दगड जरी हलला तरी त्याच दिवशी मला सांगायचं. शपथ घे माझी.’

‘घेतली,’ त्या म्हणाल्या. आणि त्या रात्री पोळी मागून घेऊन जेवल्या.

उन्हाळा सुखात गेला. पाय उतरले, आवाज चढला, माझ्या भाजीला नावं ठेवणं पुन्हा सुरू झालं. नवरा दर रविवारी हातोडा घेऊन काठाभोवती एक फेरी मारायचा. टण्ण, टण्ण, टण्ण. तो आवाज आला की मला शांत वाटायचं.

यंदा पाऊस पुन्हा तसाच लागला आहे. दोन रविवार नवऱ्याला फेरी मारता आली नाही. परवा संध्याकाळी उघडीप झाली, जेवण लवकर आटपलं आणि सासूबाई बाहेर गेल्या. मी खिडकीत भांडी घासत होते. पंपाजवळून त्या सरळ गेल्या, पाय उचलला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. मग आखूड बाजू संपली, पायऱ्यांचं वळण आलं, आणि तिथल्या अलीकडच्या दगडापाशी त्यांनी डावा पाय उंच उचलून पुढे टाकला.

मी नळ बंद केला. पुढच्या फेरीची वाट पाहिली. पुन्हा तिथेच.

नवरा पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होता. एक हाक मारली असती की काम झालं असतं. तो उठला असता, हातोडा घेतला असता, दाराला कुलूप लागलं असतं, आणि उद्यापासून त्या पलंगावर बसल्या असत्या. मी हात पुसले, चपला काढल्या आणि अनवाणी बाहेर गेले. त्यांच्या डाव्या बाजूला, पाण्याकडच्या बाजूला, दगडांवर चालायला लागले. त्या डेकवर सरकल्या. त्यांनी माझा हात धरला नाही, मीही पुढे केला नाही.

‘तूही शतपावली घालते का आता?’ त्यांनी विचारलं.

‘हो. पोट सुटलंय,’ मी म्हटलं.

पायऱ्यांपाशी आलो तशी मला पायाखाली ती कुरकुर कळली, अगदी बारीक. दोन दिवस झाले, आम्ही दोघी रोज चालतोय. त्या जागी त्या जरा थांबतात, मग मी पाय उचलते. आणि आतून नवरा विचारतो, ‘आई, सगळं ठीक आहे ना गं?’

‘हो रे,’ त्या म्हणतात. आणि मी काही बोलत नाही.